लष्करी हद्दीतून बाहेर येणारं सांडपाणी कोणी तपासायचं?

शेवंती_नागपूर

नमस्कार मंडळी.

आमच्या वस्तीच्या मागून नाला वाहतो. वरच्या अंगाला लष्करी हद्दीची भिंत आहे आणि तिच्या बुडाशी असलेल्या सिमेंटच्या पाइपातून आतलं पाणी नाल्यात पडतं. हद्द कोणती ते मुद्दाम लिहीत नाही. एका जागेवर बोट ठेवायचं नाहीये, कारण नागपूरच्या आसपास सैन्याच्या, हवाई दलाच्या, दारूगोळ्याच्या जागा कमी नाहीत आणि प्रश्न सगळीकडे सारखाच पडणार.

पाणी बहुतेक वेळा साबणाचं, राखाडी असतं. मधूनच तेलाचा तवंग दिसतो. कधी कधी ते चक्क पिवळं असतं. नाल्याला लागून विहिरी आहेत, बोअर आहेत, म्हशी त्यातच डुंबतात. एका कार्यालयात विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "ती डिफेन्सची जागा आहे मॅडम, तिथे आमचं चालत नाही." मग चालतं कोणाचं?

खासगी कारखान्याला जे नियम आहेत ते सैन्याला लागू आहेत का? असतील तर तपासणी कोण करतं आणि तिचा अहवाल सामान्य माणसाला बघता येतो का? भिंतीच्या आत काय बनतं, किती बनतं, हे मला जाणून घ्यायचं नाही. ते गुप्तच राहावं. पण भिंत ओलांडून आलेलं पाणी गुप्त असू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.


नागकाठचा

ताई, भिंतीबाहेरचे नाले तरी कुठे धड आहेत? सक्करदऱ्याकडे येऊन नागनदी बघा एकदा.


माजी_सुभेदार

शेवंतीताई, प्रश्न रास्त आहे, पण दुसरी बाजूही ऐका. माझी अर्धी हयात छावण्यांमध्ये गेली. कामठीची छावणी १८२१ पासून कन्हानच्या काठावर आहे. झाडं, स्वच्छता, पाण्याची शिस्त जेवढी आत असते तेवढी बाहेर मला कुठे दिसली नाही. नागनदी स्वच्छ करायचा जो १९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झाला, तो शहराच्या घरगुती मैल्यासाठी आहे. ती घाण सैन्याने केलेली नाही.

दुसरं असं, की दारूगोळ्याच्या जागी कोणालाही आत सोडता येत नाही. काडेपेटी आणि मोबाइलसुद्धा गेटवर जमा करावे लागतात. उद्या दर आठवड्याला नवा माणूस बाटल्या घेऊन आत फिरायला लागला तर जबाबदारी कोणाची?

एक गोष्ट मात्र मान्य करतो. आतली एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) एमईएस (सैन्याची बांधकाम-देखभाल यंत्रणा) बघते, चालवायचं काम बहुधा ठेकेदाराकडे असतं. साहेब दोन-तीन वर्षांत बदलून जातात. नवीन साहेबांना मशीन कुठल्या अवस्थेत मिळतं, हे आधीच्या साहेबांनी किती लक्ष घातलं त्यावर असतं.


रंगरसायन

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) सांभाळतो. थोडं आतलं सांगतो, कारण "सांडपाणी" म्हणून सगळं एकाच बादलीत टाकलं की चर्चा भरकटते.

लष्करी जागेतून निघणारं पाणी ढोबळमानाने तीन जातींचं असतं. पहिलं, क्वार्टर्स, मेस आणि बराकींचं. हे तुमच्या-माझ्या घरासारखंच, साध्या एसटीपीत सुधारतं. दुसरं, गाड्या धुण्याच्या रॅम्पचं आणि वर्कशॉपचं: डिझेल, ग्रीस, बॅटरीचं आम्ल, रंग काढायचं सॉल्व्हंट. त्याला ऑइल सेपरेटर लागतो, आणि तो वेळेवर उपसावा लागतो. वरचं तेल काढलं नाही की पहिल्या जोराच्या पावसात सगळं वाहून नाल्यात जातं. ताईंना दिसलेला तवंग असा आलेला असू शकतो. तिसरं पाणी धातूकामाचं, प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवण्याचं) किंवा स्फोटकांचं. खरी काळजी याची.

पिवळ्या रंगाबद्दल. रंगावरून निष्कर्ष काढू नका; लोखंडाचा गंज, माती, रंगकामाचं पाणी, काहीही असू शकतं. पण क्रोम प्लेटिंगचा जॉब धुतलेलं पाणी नेमकं लिंबाच्या सालीसारखं पिवळं असतं. तो हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, कर्करोगकारक. आमच्याकडे ते वेगळ्या टाकीत घेतात. आधी आम्ल घालून पीएच २ ते ३ वर आणायचा, मग सोडियम मेटाबायसल्फाइट सोडायचं. पिवळा रंग डोळ्यांदेखत हिरवा होत जातो. म्हणजे घातक क्रोमियम कमी घातक रूपात आला. मग चुन्याची निवळी घालून पीएच ८-९ ला नेला की हिरवट गाळ तळाशी बसतो, फिल्टर प्रेसमध्ये त्याच्या वड्या पडतात आणि त्या बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या साइटवर जातात. घाईत पीएच ४-५ असतानाच मेटाबायसल्फाइट ओतलं तर रिॲक्शन रेंगाळते, पाणी पिवळं राहतं, आणि ऑपरेटरला शिफ्ट संपवून घरी जायचं असेल तर ते तसंच सुटतं. यंत्रणा असणं आणि ती रोज नीट चालणं यात एवढं अंतर आहे.

सायनाइडचं पाणी असेल तर त्याची लाइन पूर्ण वेगळी हवी. ते आम्लाच्या लाइनला मिळालं तर विषारी वायू निघतो. त्यात पहिला जीव आत काम करणाऱ्याचाच जातो.


चकोरी

बापरे! आणि स्फोटकांचं पाणी कसं असतं?


रंगरसायन

@चकोरी, टीएनटीचे कण धुतलेलं पाणी आधी बिनरंगाचं असतं, ऊन लागलं की गुलाबी-लाल होतं. साध्या एसटीपीतले जिवाणू त्याला पुरे पडत नाहीत. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या टाक्यांतून ते गाळतात, मग तो वापरलेला कार्बनसुद्धा घातक कचरा ठरतो. आरडीएक्स त्याहून त्रासदायक. ते मातीला फारसं चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीपर्यंत पोचू शकतं.

आता मूळ अडचण. आपल्याकडे पर्यावरण नियम १९८६ मध्ये नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याची जी सर्वसाधारण मानकं आहेत, त्यांत बीओडी ३०, सीओडी २५० (पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागतो त्याची ही मापं), तेल-ग्रीस १०, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम ०.१, शिसं ०.१ (सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर) वगैरे आहे. टीएनटी, आरडीएक्स, परक्लोरेट (रॉकेटच्या इंधनात लागणारा क्षार) यांची ओळच त्या यादीत नाही. त्यामुळे प्रत्येक जागेला पाणी सोडायला मिळणाऱ्या संमतीपत्रात या गोष्टी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने वेगळ्या घालायला हव्यात. सीओडी बसला म्हणून पाणी चांगलं, असं इथे म्हणता येत नाही.


संत्राबर्फी

त्या यादीत माशांची पण टेस्ट आहे ना? आमच्या सरांनी शिकवली होती.


रंगरसायन

हो! बायोॲसे. १०० टक्के सांडपाण्यात ९६ तास मासे ठेवायचे, ९० टक्के जगले पाहिजेत. यादीत नाव नसलेल्या विषाचा अंदाज द्यायला हीच टेस्ट उपयोगी पडते. मला ती फार आवडते.


संत्राबर्फी

मग मासे पास झाले की पार्टी द्यायची त्यांना 😀


ॲड_सिव्हिल_लाइन्स

शेवंतीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: हो, लागू आहेत. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९७४ मध्ये सैन्याला सरसकट सूट देणारं कलम नाही. कलम २४ प्रमाणे नाल्यात घातक द्रव्य सोडता येत नाही, कलम २५ प्रमाणे सांडपाणी सोडायला राज्य मंडळाची संमती लागते. कलम ४८ तर खास सरकारी खात्यांसाठीच आहे: खात्याकडून उल्लंघन झालं तर जबाबदार खातेप्रमुख. संसदेला सरकारी खातं कायद्याबाहेर ठेवायचं असतं तर हे कलम लिहिलंच नसतं.

लोकांचा गोंधळ होतो तो दुसऱ्या नियमामुळे. २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासण्याच्या) अधिसूचनेत संरक्षण आणि सुरक्षेच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. ती सूट सुनावणीपुरती. रोज पाणी सोडण्याच्या संमतीतून त्याने सुटका होत नाही.

आणखी एक मुद्दा, जो फारसा कोणी लक्षात घेत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध निर्माण्या थेट सरकारी खातं राहिलेल्या नाहीत. सात कंपन्या झाल्या. भंडारा आणि चांदा म्युनिशन्स इंडियाकडे गेले, अंबाझरी यंत्र इंडियाकडे, आणि यंत्र इंडियाचं मुख्यालय तर आपल्या नागपुरातच आहे. कंपनी म्हटल्यावर कलम ४८ ऐवजी कंपन्यांचं कलम ४७ लागतं. म्हणजे छावणीला वेगळं, कारखान्याला वेगळं. अर्ज लिहिताना कोणती जागा कोणाची, हे आधी नक्की करा.

२०२४ ची दुरुस्ती झाल्यावर बऱ्याच उल्लंघनांना तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाखांचा दंड आहे. राज्याने ठराव करून ती दुरुस्ती स्वीकारलेली असावी लागते. मला स्वतःला हा बदल पटत नाही. मोठ्या संस्थेला १५ लाख म्हणजे काहीच नाही.


ओहायोचा_वऱ्हाडी

मी मूळचा धरमपेठेचा, आता इकडे पाण्याच्याच क्षेत्रात आहे. इथलं थोडं सांगतो, सुभेदार काकांसाठी मुद्दाम.

नॉर्थ कॅरोलिनात कॅम्प लेज्यून नावाचा मरीन सैनिकांचा तळ आहे. १९५३ ते १९८७ या काळात तिथल्या पिण्याच्या पाण्यात सॉल्व्हंट होती: टीसीई, पीसीई, बेन्झीन. काही तळावरच्या यंत्रं धुण्याच्या कामातून आणि टाक्यांच्या गळतीतून उतरली, काही भिंतीबाहेरच्या एका ड्रायक्लीनरकडून. ते पाणी प्यायले कोण? सैनिक, त्यांच्या बायका, त्यांची लेकरं. दहा लाखांपर्यंत लोक त्यात आले असावेत असा तिथला सरकारी अंदाज आहे. त्यांना कोर्टात दाद मागायची वाट मोकळी करून देणारा कायदा २०२२ मध्ये झाला. ज्यांची मुलं गेली त्यांना तोवर वाट पाहावी लागली.

आणि "कायदा लावला तर संरक्षणात अडथळा येईल" या मुद्द्यावर इथे १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात खटला गाजला होता. पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावर नौदल बॉम्बफेकीचा सराव करायचं, बॉम्ब समुद्रात पडायचे, आणि पाण्यात काही सोडायचा परवाना नौदलाने घेतलेला नव्हता. सराव लगेच बंद करायलाच हवा असं नाही, असं कोर्टाने म्हटलं, पण परवान्यासाठी अर्ज करण्यातून नौदल सुटलं नाही. सराव चालू आणि कायदाही चालू. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे मला त्यातून महत्त्वाचं वाटतं.

आज इथल्या तळांना स्वच्छ जल कायद्याच्या कलम ३१३ प्रमाणे बाकीच्यांसारखाच परवाना घ्यावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत आउटलेटचे आकडे द्यावे लागतात. ते आकडे मी घरबसल्या बघू शकतो.


कुही_तालुका

वाचून राहिलो सगळं. नागपूरवाले एकमेकाकडे बोट दाखवून राहिले, पण पाणी थांबते का जी? नाग कन्हानले मिळते, कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेले मिळते, अन् पुढं गोसेखुर्दचं बॅकवॉटर. आमच्या बाजूच्या ढिवर लोकायचं सारं पोट त्या पाण्यावर. जलकुंभी एवढी माजते का डोंगा जात नाही. मासोळीले वास येते, गिऱ्हाईक घेत नाही. आता हा वास शहराचा का कारखान्याचा का मिलिटरीचा, हे आम्ही कसं वळखावं? ज्याचं त्यानं आपल्या दारात मोजून द्यावं ना.


शेवंती_नागपूर

दादा, "आपल्या दारात मोजून द्यावं" हेच मला म्हणायचं होतं, तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.


नागकाठचा

थोडं अवांतर. भांडेवाडीच्या एसटीपीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं. मग छावणीतलं शुद्ध केलेलं पाणी गाड्या धुवायला, बागेला का वापरू नये? बाहेर सोडायची वेळच कमी येईल.


माजी_सुभेदार

@नागकाठचा, बऱ्याच ठिकाणी बागेला वापरतात. गाड्या धुवायला मी तरी पाहिलं नाही, पण व्हायला हरकत नाही.

@ओहायोचा_वऱ्हाडी, कॅम्प लेज्यूनचं वाचून रात्री बराच वेळ झोप लागली नाही. आमची मुलं क्वार्टर्समध्येच वाढली. जवान सीमेवर असतो तेव्हा त्याचं कुटुंब त्याच कॉलनीत असतं, त्याच बोअरचं पाणी पितं. तेव्हा पाण्याची तपासणी म्हणजे सैन्यावर अविश्वास, असं कोणी समजू नये, हे मीही म्हणतो. जवानाच्या घरासाठी ती आधी हवी.

पण एक अडचण सांगा. कारखान्यातून रोज किती लाख लिटर पाणी निघालं हे जाहीर केलं तर उत्पादन किती वाढलं-घटलं याचा अंदाज शत्रूला लागू शकतो. मग काय करायचं?


रंगरसायन

काका, ही शंका खरी आहे, उडवून लावण्यासारखी नाही. पण नुसतं "लिटरमागे किती मिलिग्रॅम" मोजून भागत नाही. नळ सोडून स्वच्छ पाणी मिसळलं की कुठलंही पाणी कागदावर पास होतं, आणि नाल्यात जाणारं विष तेवढंच राहतं. म्हणून फ्लोमीटर हवाच. बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर आत घेतलेल्या पाण्याचाही.


ॲड_सिव्हिल_लाइन्स

वाट आहे. किती पाणी निघालं हा आकडा मंडळाकडे जाऊ द्या आणि तिथेच बंद राहू द्या. माहिती अधिकारात कलम ८(१)(अ) सुरक्षेसाठी माहिती रोखू देतं, पण कलम १० म्हणतं की रोखायचा भाग झाकून उरलेला द्या. लिटरमागचं प्रमाण, तारीख, पास की नापास, एवढं लोकांना दिलं तर कोणाचं गुपित फुटत नाही.


माजी_सुभेदार

एवढं असेल तर माझी हरकत नाही. मात्र नमुना आउटलेटवरच घ्या, भिंतीला लागून. प्लांटच्या आत नको.


चकोरी

विमानतळावर आग विझवायचा जो फेस असतो, त्याचं काय? त्यावर परदेशात बराच गदारोळ झालेला वाचला.


ओहायोचा_वऱ्हाडी

पीएफएएस. इंधनाची आग विझवणाऱ्या जुन्या फेसात ही द्रव्यं असतात आणि ती निसर्गात जवळजवळ मोडतच नाहीत. सराव वर्षानुवर्षं उघड्या जमिनीवर झाले की ती खाली झिरपतात. अमेरिकेने २०२४ मध्ये त्यांतल्या पीएफओए आणि पीएफओएस या दोन द्रव्यांची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम केली, पण त्याआधीच अनेक तळांजवळच्या गावांच्या पाण्यात ती सापडली होती.


रंगरसायन

आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात पीएफएएस नाही. साधी एसटीपी ते काढूही शकत नाही; कार्बन किंवा आयन एक्स्चेंज लागतं. सरावाची जागा पक्की बांधून, तिथलं पाणी वेगळं साठवणं सगळ्यात स्वस्त. हे कोणी ऐकत असेल तर कळकळीने सांगतो, ते आत्ताच करा, जमिनीत गेल्यावर काढायचा खर्च कोणालाच झेपत नाही.


शेवंती_नागपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मला एवढंच सांगा, सोमवारी मी कोणत्या दारात जाऊ? आणि स्वतः बाटलीत पाणी भरून लॅबमध्ये दिलं तर चालेल का?


ॲड_सिव्हिल_लाइन्स

आधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात जा आणि कलम २५(६) खालची नोंदवही बघायला मागा. दिलेल्या संमतीच्या अटी त्यात लिहिलेल्या असतात आणि त्या आउटलेटचा ज्याला फटका बसतो त्याला ती कामाच्या वेळेत बघायचा हक्क आहे. यासाठी माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा लागत नाही. नोंदवहीत त्या पाइपाची नोंदच सापडली नाही, तर तुमची तक्रार तिथेच अर्धी सिद्ध झाली.

स्वतःच्या बाटलीचा रिपोर्ट तक्रारीला जोड म्हणून चालतो, पुरावा म्हणून चालत नाही. कलम २१ प्रमाणे मंडळाच्या माणसाने समोरच्याला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून घेतलेलाच नमुना कोर्टात टिकतो. म्हणून अर्जात "आपण नमुना घ्यावा" अशी स्पष्ट मागणी करा. पोच घ्या. काहीच झालं नाही तर पुढे हरित न्यायाधिकरणाचं पुणे खंडपीठ आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईटीपी चालू स्थितीत नसेल तर उद्योग चालू देऊ नका असं बजावलंय, त्या आदेशाचाही उल्लेख करा.


माजी_सुभेदार

मंडळाच्या अर्जाची एक प्रत स्टेशन कमांडरना आणि एक गॅरिसन इंजिनियरना (एमईएसचे तिथले अधिकारी) पाठवा. भाषा सरळ ठेवा, आरोप नको. "पाइपातून अमुक दिवशी असं पाणी आलं, आमच्या आणि आपल्या कुटुंबांच्या विहिरींसाठी तपासून घ्यावं" असं लिहा. चांगला साहेब असेल तर तो स्वतःच ठेकेदाराला उभा करेल. मसुदा मला व्यनि करा, मी बघून देतो.


शेवंती_नागपूर

नक्की काका. आजच लिहायला बसते.


रंगरसायन

शेवंतीताई, अर्जात कोणत्या चाचण्या हव्यात ते नाव घेऊन लिहा, नाहीतर नुसता बीओडी-सीओडी करून परत जातील. तेल-ग्रीस, हेक्झाव्हॅलंट आणि एकूण क्रोमियम, शिसं, निकेल, सायनाइड, नायट्रेट आणि बायोॲसे. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम २४ तासांच्या आत तपासायचा असतो, म्हणून नमुना शुक्रवारी संध्याकाळी घेऊ नका म्हणावं. तेल-ग्रीससाठी काचेची वेगळी बाटली, प्लास्टिकला तेल चिकटून राहतं.


कुही_तालुका

अन् विहिरीचं?


रंगरसायन

बरोबर बोललात दादा. पाइपाच्या वरच्या बाजूची एक विहीर आणि खालच्या बाजूच्या दोन, अशा तिन्ही एकाच दिवशी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमच्या आत हवं. वरच्या विहिरीत नाही आणि खालच्या विहिरींत आहे, असं निघालं तर तो रिपोर्ट कोणाला बाजूला ठेवता येणार नाही. शिवाय पाइपाच्या तोंडाशी साचलेला गाळ. पाणी वाहून जातं, जड धातू गाळात बसून राहतात. गाळाचा नमुना घ्यायला मंडळाचे लोक सहसा स्वतःहून सुचवत नाहीत, तो तुम्ही मागा.